रांजणाची माती

कुंभारणीला कुणी विचारलं असतं, की बाई, तुझी सवत कोण, तर तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत क्लबचं नाव घेतलं असतं. हाडामांसाची सवत परवडली, तिच्या झिंज्या तरी उपटता येतात. या सवतीला ना तोंड ना झिंज्या. होती ती एक पत्र्याची खोली. दारावर रंगाऱ्याने फुकटात रंगवून दिलेली ‘परस्पर सेवा क्लब’ अशी पाटी, आत दोन बाकं, आणि कोपऱ्यात फावडी, घमेली, कुदळी, पहारी. आठवड्याच्या सुट्टीला सकाळी सगळे तिथे जमायचे आणि गावात ज्याचं जे अडलं असेल ते करून यायचे. कुणाच्या छपराचे पत्रे बसवायचे, कुणाच्या विहिरीतला गाळ काढायचा, कुणी अंथरुणाला खिळला असेल तर त्याचं शेत कापून द्यायचं. कुंभारीण म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी एवढी माणसं एकाच गावात जन्माला यावीत, हा काही योगायोग नाही, मागल्या जन्मीचं पाप आहे.

आणि या भाकऱ्या भाजणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे कोण, तर तिचा नवरा. त्याचं पाळण्यातलं नाव त्याच्या आईला आठवत असलं तर असेल, गाव त्याला होयबा म्हणायचं. त्याच्या तोंडून कुणी कधी ‘नाही’ ऐकलं नव्हतं. शिडी पाहिजे? हो. हातगाडी? हो, घेऊन जा. एकदा ऐन भट्टी लावायच्या दिवशी कुणीतरी सरपण मागितलं, तर हा रचलेलं सरपण उपसायला निघाला. कुंभारीण जाऊन लाकडांवर बसली म्हणून भट्टी लागली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं ती त्याला दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच. माणूस वाईट असता तर भांडणाला काही चव आली असती. हा सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, खरं आहे तुझं. आता अशा माणसाशी काय कपाळ भांडणार?

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नावच घेईना. आधी विहिरी खरवडल्या, मग तळं आटत आटत एवढंसं डबकं राहिलं, मग तेही गेलं. तळाचा गाळ वाळून त्याच्या ढलप्या सुटल्या. गुरं सवयीने काठावर यायची, खाली मान घालून उभी राहायची आणि परत जायची. बाया दूर पंपावर हंडे घेऊन जायच्या आणि तिथल्या रांगेत एकमेकींची उणीदुणी काढायच्या. गावात कुणाच्या चेहऱ्यावर हसू म्हणून नव्हतं.

एका कुंभारणीला मात्र आतून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. गाव तहानेने व्याकूळ आणि आपण खूश, हे काही माणसाचं लक्षण नव्हे. पण मनाला कोण आवरणार?

त्याचं असं होतं. दरवर्षी ती दोघं तळ्याच्या काठची माती आणायची. तिच्यात मुळं, खडे, शिंपले. तिची गाडगी होतात, झाकणं होतात, कुंड्या होतात, रांजण होत नाही. छातीएवढ्या उंचीचा, बोटभर जाडीचा, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारा रांजण करायचा तर तळ्याच्या मधोमध, गाळाच्या खाली असलेली काळी चिकण माती लागते. आणि तिच्यापर्यंत हात पोचतो तो तळं पार आटल्यावरच. मागे तळं असं आटलं तेव्हा कुंभारीण नवी नवरी होती. सासूने तिला जवळ बसवून शिकवलं होतं, आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापी मारायची, भिंत वर चढवत न्यायची. सासूपेक्षा सुनेचे रांजण सरस उतरले, आणि सासूने ते चारचौघांत सांगितलं. सासूने सुनेला चारचौघांत चांगलं म्हटलं, म्हणजे रांजण काय ताकदीचे असतील बघा. त्यानंतर तळं कधी तळापर्यंत गेलं नाही. कुंभारीण इतकी वर्षं गाडगी आणि झाकणं करत राहिली. हात रांजणाचा आणि करायची झाकणं.

आता सकाळी उठलं की तिच्या बोटांची पेरं सुजलेली असायची. दवाखान्यातल्या नर्सबाईने बोटं उलटीपालटी करून बघितली होती आणि स्पष्ट सांगितलं होतं, की वहिनी, ही आहेत यापेक्षा बरी होणार नाहीत, आहेत तोवर वापरा. नर्सबाई क्लबचीच, पण खोटं बोलायची नाही. तेव्हा हा उन्हाळा हाच काय तो. पुढे तळं कधी आटेल तेव्हा मातीही असेल, पण ही बोटं नसतील.

आणि काय नवल, तिच्या मनातलं काम क्लबनेच काढलं. क्लबचा अध्यक्ष होता एक निवृत्त बसकंडक्टर. त्याची शिट्टी अजून गळ्यात असायची आणि बैठकीतही तो लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणायचा. त्याने ठरवलं, तळं आटलंच आहे तर खोल करून घेऊ, म्हणजे पुढचा उन्हाळा असा जाणार नाही. वरचा गाळ शेतांत जाईल. आणि खालची काळी माती सगळी कुंभाराच्या अंगणात. होयबाने काही मागितलं नव्हतं, तो मागणारच कशाला? क्लबने आपणहून ठरवलं. इतकी वर्षं हा माणूस सगळ्यांसाठी राबतोय, एकदा त्याच्या घरी काही जाऊ दे, असं म्हणे न्हावी बोलला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. होयबाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कुंभारीण म्हणाली, अंगणात माती पडल्याशिवाय मी विश्वास ठेवायची नाही. पण त्या रात्री तिने क्लबला एकही शिवी दिली नाही.

काम सुरू झालं. क्लबची कामाची रीत जगावेगळी होती. कुठलंही काम असो, आधी दोन बाजू पाडायच्या, एक टक्कलवाल्यांची, दुसरी केसवाल्यांची. कोण कुठल्या बाजूला हे न्हावी ठरवणार, कारण गावातल्या डोक्यांची त्याच्याइतकी माहिती कुणाला? ज्याचं कपाळ मागे सरकू लागलं आहे अशाला तो दर खेपेला निरखून बघायचा आणि म्हणायचा, अजून थोडे दिवस तिकडेच राहा. बाया अर्थात केसवाल्यांत, त्यामुळे टक्कलवाले नेहमी कमी पडायचे आणि म्हणूनच इरेला पेटायचे. जी बाजू हरेल तिने जिंकणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं. पाण्याचा दुष्काळ, तर या वेळी चहा करून हातात आणून द्यायचा ठरला. या चढाओढीपायी क्लबने चार दिवसांची कामं दीड दिवसात उरकली होती आणि त्याची सगळ्यांना भारी घमेंड होती.

होयबा टक्कलवाल्यांत. पहाटेच फावडं खांद्यावर टाकून जायचा, दुपारी अंगाची चिखलपोळी करून यायचा. वरचा गाळ निघाला आणि काळी माती दिसली तशी दूधवाल्याच्या टेम्पोतून अंगणात खेपा येऊ लागल्या. पहिली खेप पडली तेव्हा सासू भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिने चिमूटभर माती दोन बोटांत चोळली, जिभेला लावली, आणि म्हणाली, हीच. कुंभारीण नुसती ढिगाकडे बघत राहिली. तिला रडू आलं आणि ते लपवायला तिने दूधवाल्याला ओरडून सांगितलं, की जरा बाजूला टाक, वाट अडवू नकोस.

शेवटच्या सुट्टीच्या दिवशी दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. त्या दिवशी कुंभारणीने नवऱ्याला घरी धरून ठेवलं. अंगणात एवढी माती पडलेली, ऊन असं की उघडी राहिली तर दगड होईल. तिच्यावर पंपावरून आणलेलं पाणी शिंपडायचं, ओली पोती टाकायची, खालची वर करायची, हे एकटीने होणार नव्हतं. क्लबनेही त्याला खुशाल जा म्हटलं. कंडक्टर म्हणाला, आज तू तुझी माती सांभाळ, तुझ्या वाटचं आम्ही खणतो. होयबा दिवसभर घरी राबला, पण कान सगळे तळ्याकडे. तिथून आरडाओरडा ऐकू येत होता, शिट्टी वाजत होती, आणि हा ओली पोती पसरता पसरता हसत होता.

होयबाच्या वाटचं काम बाकीच्या टक्कलवाल्यांनी असं काही मनावर घेतलं, की त्याची उणीव भरून काढताना काळी माती कधी संपली याचं कुणाला भान राहिलं नाही. खाली मुरूम लागला. मुरूम लागल्यावर थांबायचं असतं, पण केसवाले पुढे जात होते. मग टक्कलवालेही मुरमात उतरले. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंनी तळ्याचं बूड पार फोडून ठेवलं. टक्कलवाले वीतभर पुढे निघाले, चहा प्याले, आणि न्हाव्याने होयबाला घरी येऊन सांगितलं, की तुझ्या नावाने खणलं आणि जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी होयबा तळं बघायला उतरला. मधोमध जाऊन उकिडवा बसला. खालचे लाल खडे हातात घेतले, खाली टाकले. मग बरोबरच्या बाटलीतलं पाणी त्याने हळूहळू जमिनीवर ओतलं. पाणी खळग्यात थांबलं नाही, ओलही पसरली नाही, गेलं ते सरळ खाली गेलं. भोवती क्लबची माणसं उभी होती. त्याने बाटली उपडी करून झटकली आणि उठला. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. कितीही पाऊस पडो, या तळ्यात आता पाणी ठरणार नव्हतं.

उपाय एकच होता आणि तोही सगळ्यांना कळत होता. मुरमावर चिकण मातीचा जाड थर द्यायचा आणि तो तुडवून तुडवून बसवायचा. शेतांत पसरलेल्या गाळाने ते होण्यासारखं नव्हतं. चिकण माती तेवढी सगळी एकाच अंगणात, ओल्या पोत्यांखाली होती.

पण मागायचं कुणी? मोठ्या तोंडाने आणून दिलेली वस्तू परत कशी मागणार? पुढचे काही दिवस कुंभाराच्या घरी अशी काही वर्दळ वाढली की विचारू नका. कंडक्टर आला, ओट्यावर बसला, उन्हाबद्दल बोलला, अंगणातल्या ढिगाकडे एकदाही बघितलं नाही, आणि पाणी पिऊन गेला. न्हावी आला आणि सासूला म्हणाला, आजी, नखं वाढलीत, काढून देऊ का? नर्सबाई आली, कुंभारणीची बोटं बघितली, मलम दिलं. ती तर ढिगाला पाठ करून बसली होती. जो तो काहीतरी निमित्त काढून येत होता आणि तोंडात मिठाची गुळणी धरून जात होता. माणसं चांगली होती, हाच तर त्रास होता. कुणी हक्काने मागायला आलं असतं तर कुंभारणीने त्याला उंबऱ्यावरच असं सुनावलं असतं की त्याने पुन्हा या गल्लीत पाऊल टाकलं नसतं.

तिला खरी धास्ती होती ती नवऱ्याची. बाहेरचे मागणार नाहीत, पण हा न मागता देऊन मोकळा होईल. जेवताना ती त्याला म्हणाली, आयुष्यभर तुमच्या हो-हो वर मी संसार रेटला. एवढं एकदा नाही म्हणा. माझ्या बोटांकडे बघा आणि नाही म्हणा. होयबा ताटाकडे बघत राहिला. खरं आहे तुझं, एवढंही म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी क्लबची बैठक होती. होयबा पायात चपला सरकवून गेला आणि कुंभारीण घरात येरझारा घालू लागली. तिला सगळं समोर दिसत होतं. कंडक्टर खाकरेल, न्हावी गोड बोलेल, आणि आपला शहाणा मान हलवेल. शेवटी तिने पदर खोचला आणि निघाली. पाच मिनिटांच्या वाटेवर तिने बोलायची सगळी वाक्यं मनात रचून ठेवली. कंडक्टरला काय, न्हाव्याला काय, आणि सगळ्यांच्या देखत नवऱ्याला काय. अशी वाक्यं होती की पत्रे उडाले असते.

क्लबचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ती ढकलणार एवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला. तो बैठकीत कधी बोलत नसे, म्हणून तिचा हात दारावरच थांबला.

तो म्हणाला, “ती माती मी देणार नाही.”

त्याचा आवाज ओल्या मडक्यासारखा डळमळत होता, तरी तो बोलत राहिला. “तुम्ही मागितली नाहीत, मला ठाऊक आहे. पण तुमच्या मनात आहे आणि माझ्याही मनात आहे, म्हणून सांगून टाकतो. आजवर मी ज्याला जे दिलं त्यात अर्धं तिचं होतं. मी तिला कधी विचारलं नाही. ही माती तर सगळीच तिची आहे. तिची बोटं चालतात तोवर तिला रांजण करायचे आहेत. मी नाही देणार. यावर तुम्ही मला क्लबातून काढलंत तरी माझी तक्रार नाही.”

मग कंडक्टरचा आवाज आला. तो म्हणाला, “तुला काढून क्लब काय, ही बाकं राखायची? तू म्हणतोस ते बरोबर आहे. चूक आमची, माती वहिनींची. आपण दुसरं काहीतरी बघू.” न्हावी म्हणाला, हो, दुसरं काहीतरी बघू. सगळेच म्हणाले. दुसरं काही नव्हतं हे प्रत्येकाला माहीत होतं.

कुंभारणीने दारावरचा हात काढून घेतला आणि आली तशी परत फिरली. तिने जे इतकी वर्षं मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. एकही वाक्य वापरावं लागलं नव्हतं. घरी आल्यावर तिने चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. होयबा परतला तेव्हा तिने विचारलं, काय झालं बैठकीत. तो म्हणाला, काही नाही, चहा झाला.

त्याने सांगितलं नाही, हे तिच्या काळजाला जास्त लागलं. दुसरा कुणी असता तर छाती पुढे काढून सांगितलं असतं, बघ, तुझ्यासाठी कसा नाही म्हणालो. हा गुन्हा केल्यासारखा कोपऱ्यात बसला. पुढचे दिवस तसेच. चाकावर बसायचा, पण हातातलं गाडगं वर यायच्या आधी बसकण मारायचं. वाटेत क्लबचं कुणी दिसलं की हाच खाली बघायचा. जेवण दोन घासांवर आलं. त्याला कुणी बोललं नव्हतं, रागावलं नव्हतं, उलट दूधवाला घरी येऊन गोठ्याचं दार मोफत दुरुस्त करून गेला. त्याने तर तो आणखीच खचला.

सुट्टीचा दिवस उजाडला. होयबा उठला, अंघोळ केली, चपला घातल्या आणि दारात उभा राहिला. मग चपला काढल्या आणि ओट्यावर येऊन बसला. कुंभारीण हे आतून बघत होती. तळ्याकडून धप् धप् आवाज येत होता. क्लबवाले काठची भुसभुशीत माती ओतून ती धुमसाने ठोकत होते. ती ठरणार नव्हती. ठोकणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं, पण नुसतं बसून राहणार कसे? दर ठोक्यासरशी ओट्यावर बसलेल्या माणसाची पाठ हलत होती. हिने नाही पाहिलं असं केलं, कणीक मळायला घेतली, मळता मळता थांबली, आणि हात कणकेतच राहिले. हा माणूस तिच्यासाठी आपल्या सगळ्या जिवलगांना मुकला होता, आणि ती माती पोत्यांनी झाकत बसली होती.

ठोके ऐकवेनात तेव्हा होयबा उठून घरामागे भट्टीकडे गेला. ती अंगणात गेली आणि पोती ओढून बाजूला टाकू लागली. सासू दाराशी बसली होती. तिने आवाजावरून ओळखलं.

“देतेस?” सासूने विचारलं.

“देते.”

“कुणी मागितली का?”

“नाही.”

“मग देतेस कशाला?”

“कुणी मागितली असती तर नसती दिली, आई.”

सासू म्हणाली, घमेलं नीट भर, अर्धवट भरून खेपा वाढवू नकोस.

तळ्यातल्या माणसांनी बघितलं, तर उतारावरून कुंभारीण डोक्यावर घमेलं घेऊन येतेय. ठोकणारे थांबले. ती सरळ मधोमध गेली आणि घमेलं उपडं केलं. काळी माती लाल मुरमावर पडली. कंडक्टर पुढे आला, म्हणाला, वहिनी, हे नको, आमचं ठरलंय. कुंभारणीने कमरेवर हात ठेवले आणि आवाज असा लावला की काठावरच्या गुरांनी माना वर केल्या. “तुमचं काय ठरलंय ते मला माहीत आहे. आता माझं ऐका. हा माझा रांजण. मी सांगेन तशी माती पडेल आणि मी सांगेन तशी बसेल. आणि गळला तर मला तोंड दाखवू नका.”

न्हाव्याने सवयीने विचारलं, बाजू कशा पाडायच्या? ती म्हणाली, भाऊजी, बाजू पाडल्यात म्हणून तर बूड फुटलं. आज बाजू नाहीत, टक्कल आणि केस एकाच चिखलात. टेम्पो आणा, आणि चपला काठावर काढा सगळ्यांनी.

टेम्पो पहिली खेप घ्यायला अंगणात शिरला तेव्हा भट्टीजवळ बसलेल्या होयबाला कळलं. तो धावत आला. फावडं घेतलं नव्हतं, पायात एकच चपल होती. काठावर उभा राहून त्याने बघितलं, खाली बायको साडीचा ओचा वर खोचून मधोमध उभी, आणि भोवती सगळा क्लब. तो तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, अगं, तुझे रांजण. ती म्हणाली, नुसते उभे राहू नका, चपल काढा, टाच दाबून तुडवा, नुसता चवडा नको. आणि त्याला बोलायला अवसर न देता दुसऱ्यावर ओरडायला गेली.

मग काही दिवस तिने क्लबला असं राबवलं की कंडक्टर आपली शिट्टी विसरला. पंपावरून टेम्पोने पाणी आणून माती ओलवायची, मुळं नि खडे वेचून काढायचे, हाताएवढा थर पसरायचा, आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीने तुडवत जायचं, गेलो तसं मागे यायचं. जिथे पाऊल रुतेल तिथे पुन्हा. पोटऱ्यांना गोळे यायचे. नर्सबाई एकदा सपशेल बसली आणि उठवता उठवता तिघं तिच्यावर पडले. शेवटी कुंभारीण थापी घेऊन बाहेर पडली आणि कडेकडेने, जिथे उतार चढतो तिथे, स्वतः बसून थापटत गेली, रांजणाची भिंत थापटतात तशी. बोटं सुजून केळीएवढी झाली. नर्सबाईने थापी काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर हिने तिला सांगितलं, तुम्हीच म्हणालात ना, आहेत तोवर वापरा.

थोडी माती घरी ठेवा, एका रांजणापुरती तरी, असं कंडक्टरने दोनदा सुचवलं. तिने ठेवली नाही. म्हणाली, रांजणाला एवढंसं भोक असलं तरी तो रांजण नव्हे. अंगण झाडून निघालं तेव्हा सासूने जमिनीवरून हात फिरवून बघितला.

पाऊस उशिरा आला आणि बेताचाच आला. त्या वर्षी होयबाच्या घरची गत फार काही चांगली नव्हती. काठची नेहमीची माती क्लबने तळ्यात ओतून संपवली होती. क्लबने टेम्पोतून टेकडीपलीकडची तांबडी माती आणून दिली, ती भट्टीत निम्मी तडकायची, आणि दर भट्टीला कुंभारीण क्लबचा उद्धार करायची. ते लोकही येऊन मुकाट्याने ऐकायचे, खापऱ्या गोळा करून टाकायचे आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा माती आणून ओतायचे. तिला क्लबची सभासद व्हा म्हणून विचारायची कुणाची छाती झाली नाही. पण सुट्टीच्या दिवशी ती दिसली नाही तर काम सुरू होत नसे.

पाऊस थांबल्यावर सगळं गाव रोज तळ्यावर जाऊन पाणी बघायचं. कुंभारीण गेली नाही. तिला धीर होत नव्हता. बाकीचे येऊन सांगायचे, ठरलंय, हललं नाही, तरी ती म्हणायची, बघू, एवढ्यात काय सांगता. शेवटी एका दुपारी होयबानेच तिला नेलं. काठावर गुरं पाणी पीत होती. कुणी धुणं धूत होतं, न्हावी एकाची दाढी करत होता, दूधवाला टेम्पो धूत होता. पाणी काठापर्यंत नव्हतं, पण होतं तिथे होतं. ती दोघं उतारावर बसली.

मग तो म्हणाला, “तुझे रांजण राहिले.”

“राहिले,” ती म्हणाली. “वाईट वाटतं. मेले तरी वाटेल.” मग म्हणाली, “मी त्या संध्याकाळी क्लबच्या दाराबाहेर होते.”

होयबाने चमकून तिच्याकडे बघितलं आणि त्याची मान खाली गेली, चोरी पकडली गेल्यासारखी. “मग सगळं ऐकलंस?”

“ऐकलं. लग्न झाल्यापासून मला वाटत आलं होतं, की मीही घरच्या सामानातलीच एक. उद्या कुणी मागितलं तर तुम्ही मलाही उचलून द्याल.”

तिला वाटलं, हा नेहमीसारखा खरं आहे तुझं म्हणणार. पण त्याने पाण्याकडे बघतच तिचा हात हातात घेतला, सुजलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “तुला मागायला कुणी आलं असतं ना, तर ते मला फार आधीच म्हणता आलं असतं.”

“काय?”

“नाही.”

समोर न्हाव्याने वस्तरा हवेतच धरला होता. दूधवाला बादली ठेवून बघत होता. भर दुपारी, सगळ्या गावादेखत, या वयात. कुंभारीण एरवी हात झटकून उठली असती आणि दोघांनाही चार शब्द सुनावले असते. ती उठली नाही. हात तिने तसाच त्याच्या हातात राहू दिला.